कमरेला डाग देण्याआधी मान तपासा

घोडा लंगडणे आणि घोडा झोकांड्या खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंगडणाऱ्या घोड्याला आपला पाय कुठे पडतो आहे हे नेमके कळत असते, म्हणून तर तो दुखरा पाय जपून टाकतो. प्रत्येक पावलाला तीच लय, तेच दुखणे. झोकांडी खाणाऱ्याला पाय कुठे आहे हेच कळत नाही. एक पाऊल लांब पडते, दुसरे आखूड. वळताना मागचा बाहेरचा पाय मोठा घेर घेतो, उतारावर खुरांची टोके घासत जातात. पहिल्याचे दुखणे पायात असते. दुसऱ्याचे मेंदूत, मज्जारज्जूत किंवा नसांत. हा फरक ठामपणे सांगू शकेल असा प्रशिक्षित माणूस, आणि त्याच्या हाताशी घोड्याच्या मापाचे यंत्र, असे एक तरी ठिकाण महाराष्ट्र सरकारने उभे करावे, या मागणीसाठी मी हे लिहिते आहे.

पशुधन विकास अधिकारी म्हणून माझ्या नोकरीची बरीच वर्षे तापीच्या खोऱ्यात गेली. शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, लांबून आलेले व्यापारी, आणि लाखांत जाणारे सौदे. गिऱ्हाईक दात बघते, उंची मोजते, अंगावरचे भोवरे शोधते, देवमण आहे का विचारते, रेवाल चाल बघते, ढोलावर नाचवून घेते. पण घोड्याला दहा पावले मागे चालवून बघा, असे म्हणणारे गिऱ्हाईक मला तिथे भेटले नाही. मज्जारज्जूचा दोष मागे चालवताना जितका लवकर उघडा पडतो, तितका पुढे पळवताना पडत नाही.

याच बाजारातून घेतलेली एक नुकरा घोडी माझ्याकडे आली होती. मालकाचा धंदा वरातीचा. लग्नसराईच्या मध्यावर घोडी मागून डुलायला लागली. आधी नालबंदाला दाखवले, त्याने नाल बदलले. मग कोणी वेदनाशामक सुया दिल्या. मग एका जाणत्याने कमरेवर तापल्या लोखंडाचे डाग दिले. माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा त्या डागांच्या खपल्या अजून धरल्या नव्हत्या. मालक म्हणाला, “मॅडम, कंबर गेलीय हिची.”

मी तिला आधी सरळ चालवले, मग छोट्या गोलात फिरवले, मग मागे सारले. मागे येताना तिने मागचे पाय उचललेच नाहीत, ओढले. चालता चालता शेपटी धरून बाजूला खेचली. निरोगी घोडी लगेच प्रतिकार करते, ही माझ्या हाताबरोबर अख्खी बाजूला आली. डोके उंच धरून उतारावर चालवले तेव्हा पुढचे पायही हवेत तरंगू लागले. शेपटीत जोर होता, गुदद्वार आवळले जात होते, जीभ घट्ट होती, डोळे आणि चेहरा ठीक. म्हणजे मेंदू बहुधा शाबूत, कमरेमागचा भागही शाबूत, आणि चारही पायांत दोष. अशा वेळी बोट मानेकडे जाते. जिथे डाग दिले होते तिथे बहुधा काहीच झालेले नव्हते.

हे ऐकायला विचित्र वाटते, मालकालाही वाटले. मान बिघडली तर मागचे पाय का डुलावेत? कारण मागच्या पायांकडे जाणारे-येणारे मज्जातंतूंचे पट्टे मानेतल्या मज्जारज्जूत बाहेरच्या बाजूने असतात. दाब आला की पहिला तडाखा त्यांना बसतो, पुढच्या पायांचे नंतर. घोड्याच्या मानेत सातच मणके. त्यांतल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि पोकळी अरुंद झाली किंवा मणक्यांचे सांधे सुजून आत आले, तर पाण्याच्या नळीवर पाय पडावा तसा तो दबतो. वाढत्या वयाच्या, भरपूर चंदीवर पोसलेल्या घोड्यांत हे मानेच्या मधल्या मणक्यांत दिसते, थोराड घोड्यांत खालच्या मणक्यांत. इंग्रजी बोलणाऱ्या जगात अशा घोड्याला वॉबलर म्हणतात.

पुढचा प्रश्न क्ष-किरणांचा. घोडा उभा ठेवून मानेचे बाजूने चित्र घेता येते आणि त्यावर मोजमाप करता येते: पोकळीची सर्वांत कमी उंची भागिले त्याच मणक्याच्या शरीराची उंची. चौथ्या ते सहाव्या मणक्यांत हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या खाली, किंवा सातव्यात ५६ टक्क्यांच्या खाली गेले तर शंका बळावते. गणित साधे आहे, पण चित्र अगदी बाजूने, जराही न फिरता घेतलेले हवे, आणि मोजणाऱ्याला कुठून कुठवर मोजायचे ते माहीत हवे. सातवा मणका खांद्याच्या जाड स्नायूंमागे लपतो, तिथे हातात धरायचे छोटे यंत्र पुरे पडत नाही. या घोडीचे क्ष-किरण मालकाने दूरच्या एका शहरातून काढून आणले. चित्र तिरके होते, खालचे दोन मणके धूसर होते आणि सोबतच्या कागदावर ‘विशेष दोष नाही’ असे लिहिले होते. ते चित्र पुन्हा वाचायला पाठवता येईल असा पत्ता मला माझ्या सगळ्या नोकरीत मिळाला नाही. घोडी पुढच्या बाजारात विकली गेली. ती आज कोणाच्या वरातीत, कोणत्या नवरदेवाला पाठीवर घेऊन उभी आहे, हा विचार मला अस्वस्थ करतो.

घोड्याच्या मज्जासंस्थेचा दोष हा माणसाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, म्हणूनच अस्वस्थ करतो. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे पर्यटकांची लहान मुले आजही घोड्यावर बसून जातात. तांबड्या मातीची वाट, पावसानंतरचा निसरडा चढ-उतार. अशा वाटेवर कोणता घोडा चालेल हे ठरवायला मोजमाप आहे. जो मेह्यू या पशुवैद्याने १९८९ साली मोठ्या जनावरांच्या मज्जाविकारांवर पहिले महत्त्वाचे पुस्तक लिहिले. झोकांडीला शून्य ते पाच अशा श्रेणी देण्याची त्याच्या नावाची पद्धत आज जगभर वापरतात. शून्य म्हणजे निर्दोष, पाच म्हणजे उठू न शकणारा. साध्या चालीतही दोष दिसू लागला, म्हणजे दुसऱ्या श्रेणीपासून पुढे, घोड्यावर माणूस बसवणे धोक्याचे मानतात. ही परीक्षा करायला यंत्र लागत नाही. पंधरा-वीस मिनिटे, एक कडक जमीन, एक उतार आणि शिकलेली नजर लागते. ती नजर तयार करण्यासाठी मात्र कोणीतरी आयुष्यभर हेच काम केलेला शिक्षक लागतो.

आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शल्यचिकित्सा आणि क्ष-किरणशास्त्र हा एकच विभाग असतो, औषधशास्त्राचा दुसरा. मज्जाविकारांचा स्वतंत्र विभाग नाही. अमेरिकेत आणि युरोपात पशुवैद्य पदवीनंतर कित्येक वर्षे निवासी डॉक्टर म्हणून राहून मज्जाविकारांत किंवा प्रतिमा-निदानात वेगळी परीक्षा देतात, आणि एकाने घोडा तपासायचा, दुसऱ्याने चित्र वाचायचे, मग दोघांनी बसून बोलायचे अशी रीत आहे. मला या रीतीतले ‘दोघांनी बसून बोलायचे’ हे सर्वांत मोलाचे वाटते. नुसते चित्र फसवते. थोराड घोड्यांच्या मानेच्या सांध्यांत झीज बरेचदा दिसते आणि त्यातले कितीतरी घोडे ठणठणीत चालतात.

अशा दोघांच्या एकत्र बसण्यातून काय होऊ शकते, याचे माझे आवडते उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले आहे. स्पोकेन शहरात जॉर्ज बॅग्बी नावाचे माणसांचे अस्थिशल्यचिकित्सक होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या बॅरी ग्रँट, पामेला वॅग्नर या पशुशल्यचिकित्सकांबरोबर काम करू लागले. दाब देणारे दोन मणके एकमेकांना जोडून टाकले की हालचाल थांबते आणि दाब कमी होतो, ही कल्पना. त्यासाठी मणक्यांच्या मधे छिद्र पाडून पोलादाची एक छोटी जाळीदार टोपली बसवायची, आणि छिद्र पाडताना निघालेला हाडांचा चुरा तिच्यात भरायचा. घोडे सुधारले. सगळे पूर्ववत झाले नाहीत, पण बहुतेकांची झोकांडी एक-दोन श्रेणींनी कमी झाली. पुढे याच टोपलीतून माणसाच्या कमरेच्या मणक्यांसाठी धातूचा पिंजरा तयार झाला, बॅग्बी आणि कुस्लिक यांच्या नावांनी ओळखला जाणारा, आणि १९९६ मध्ये त्याला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. आज पुण्या-मुंबईत कमरेच्या मणक्यात पिंजरा बसवून घेणाऱ्या माणसाच्या शस्त्रक्रियेमागे झोकांड्या खाणारे घोडे आहेत.

याच शस्त्रक्रियेने सिॲटल स्लू या घोड्यालाही आधार दिला. १९७७ मध्ये एकही शर्यत न हरता अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकणारा तो पहिला घोडा. म्हातारपणी त्याची मान बिघडली. २००० साली शस्त्रक्रिया झाली, तो पुन्हा पैदाशीच्या कामाला लागला. २००२ मध्ये दुसरी झाली, आणि त्याच वर्षी ७ मे रोजी तो गेला. केंटकी डर्बी जिंकल्याला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षे झाली होती. इतक्या मौल्यवान घोड्यासाठी सगळे उपलब्ध होते, हे खरे. नंदुरबारच्या वरातीच्या घोडीची शस्त्रक्रिया व्हावी असे मी म्हणत नाही. तिला दोष कुठे आहे हे तरी कळावे, आणि तिच्यावर माणूस बसू नये.

यंत्रांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘घोड्यांसाठी एमआरआय आणा’ अशी घोषणा सोपी असते. एमआरआयच्या बोगद्यात घोड्याचे डोके जाते, मानेचा वरचा भाग जातो, धड जात नाही. मोठ्या घोड्याच्या पाठीचा मज्जारज्जू या यंत्राने बघण्याची सोय जगात कुठेच नाही. घोडा उभा ठेवून काढायचे एमआरआय आहे, पण ते पायाच्या खालच्या भागापुरते. सीटी स्कॅनमध्ये रुंद तोंडाचे यंत्र असेल तर बरीचशी मान आत येते, पण त्यासाठी सहसा पूर्ण भूल द्यावी लागते. घोड्याची भूल जोखमीची आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पोटदुखीचे रुग्ण वगळूनही साधारण शंभरात एक घोडा भुलीच्या वेळी किंवा नंतर दगावला होता. झोकांडी खाणाऱ्याला तर भुलीतून उठताना स्वतःचा तोल सावरता येत नाही. म्हणून डोक्याचे सीटी स्कॅन आता अनेक ठिकाणी घोडा उभा ठेवून, नुसत्या गुंगीच्या औषधावर करतात, आणि तीच दिशा आपल्यासाठी योग्य आहे.

आपल्याकडच्या घोड्यांचे आजार परदेशी पुस्तकातून जसेच्या तसे उचलताही येत नाहीत. अमेरिकेत झोकांडी म्हटले की मान आणि ओपॉसम या प्राण्यामुळे पसरणारा एक परजीवी, या दोन गोष्टी आधी आठवतात. तो ओपॉसम आपल्याकडे नाही. आपल्याकडे कुमरी आहे. गाई-बैलांच्या पोटात निरुपद्रवी राहणारा सेटारिया नावाचा सुतासारखा जंत, त्याची पिल्ले डास वाहून नेतात, आणि चुकून घोड्यात किंवा शेळी-मेंढीत शिरली की ती मेंदूत, मज्जारज्जूत भरकटतात. पावसाळा सरता सरता जनावर मागून कोसळते. हाच जंत घोड्याच्या डोळ्यात वळवळताना दिसतो, तेव्हा गाव गोळा होते. मज्जारज्जूतला कोणाला दिसत नाही. गोठा आणि पागा शेजारी असणे आणि डास असणे, यात आपल्या कोणत्याही खेड्याला अपवाद नाही.

सर्रा आहे. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये, तेव्हाच्या पंजाबात, डेरा इस्माईल खानच्या घोड्यांत आणि उंटांत त्याचा जंतू शोधला. चावऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात; ताप, सूज, अशक्तपणा, आणि कधी कधी जंतू मेंदूत उतरतो. तिथे गेल्यावर आपल्याकडे नेहमी वापरतात ते क्विनापायरामिन पोचत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. हा जंतू फक्त जनावरांचा, असे जगभर समजले जायचे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. माणसातली ती भारतातली पहिली नोंद. त्याच्या रक्तात या जंतूंपासून बचाव करणारे एक प्रथिन नव्हते, हे नंतर उलगडले. सुरामिन देऊन तो वाचला. जनावरांच्या मज्जाविकारांत लक्ष घालणारा माणूस जिल्ह्यात असणे ही मानवी आरोग्याचीही गरज आहे, हे सांगायला मला याहून जवळचे उदाहरण नको.

पिसाळ आहे. घोड्याला पिसाळ झाली की तो प्रत्येक वेळी चावायला धावत नाही. कधी पोट दुखल्यासारखा लोळतो, कधी नुसता लंगडतो, मग मागून लुळा पडतो. मालक त्याच्या तोंडात हात घालून गूळ-ओवा भरवतो. म्हणून माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी एकच नियम घालून दिला होता: अचानक मज्जाविकार झालेला घोडा आधी पिसाळाचा संशयित, बाकी सगळे नंतर, हातमोज्यांशिवाय तोंडाला हात नाही. आणि बुरशी लागलेला मका आहे, जो आमच्या खानदेशात स्वस्त मिळतो म्हणून चंदीत जातो. त्या बुरशीतल्या विषाने घोड्याच्या मेंदूतला पांढरा भाग अक्षरशः विरघळतो. भिंतीला डोके लावून उभा राहतो, गोल गोल फिरतो, दोन-तीन दिवसांत मरतो. उपचार नाही, पण एकाचे निदान झाले तर पागेतले बाकीचे वाचतात.

आणि साथ. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांसाठी जमलेल्या घोड्यांत हर्पीस विषाणूचा मज्जासंस्थेवर हल्ला करणारा प्रकार पसरला, घोडे मेले, युरोपातल्या अनेक देशांतल्या स्पर्धा रद्द झाल्या. सारंगखेड्यालाही घोडे खांद्याला खांदा लावून बांधलेले असतात, एकाच बादलीतून पितात.

यावर एक आक्षेप मी आधीच ऐकते आहे: घोडे उरलेच किती? २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू ३.४ लाख निघाले, २०१२ पेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी. खरे आहे. पण उरलेले घोडे ज्यांच्या दारात आहेत ती माणसे पर्याय नसलेली आहेत. एक घोडा म्हणजे घरातला कमावता माणूस. शर्यतीच्या घोड्यांना त्यांचे डॉक्टर आहेत, त्यांची काळजी मी करत नाही. शिवाय सर्पदंशावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनते. पिंपरीला हाफकिनच्या तबेल्यातले घोडे त्यासाठीच पोसले जातात. धानाच्या बांधावर घोणस चावलेला शेतकरी ज्या औषधाने उठतो ते घोड्याचे देणे आहे. आणि रुंद तोंडाचे सीटी यंत्र, मोठ्या ताकदीचा क्ष-किरण, चित्र वाचणारा तज्ज्ञ, हे सगळे बैलाला, म्हशीला, वासराला तितकेच उपयोगी पडणार आहे. घोड्याच्या मापाचे घेतले की सगळ्यांच्या मापाचे होते.

म्हणून मागणी नेमकी अशी. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे; ते किंवा राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे दुसरे एखादे महाविद्यालय निवडा. तिथे मोठ्या जनावरांच्या मज्जाविकारांसाठी एक आणि प्रतिमा-निदानासाठी एक, अशी दोन पदे निर्माण करा. माणसे आधी, यंत्र नंतर. त्या दोघांना बाहेर पाठवायचे असेल तर पाठवा, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राशी जोडून द्या. जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात निघालेले मानेचे क्ष-किरण त्यांच्याकडे फोनवरून जातील आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर येईल, अशी सोय पहिल्याच वर्षी होऊ शकते. तिला इमारत लागत नाही. मेलेल्या घोड्याचा मेंदू आणि मज्जारज्जू तपासणीला पाठवण्याचा खर्च सरकारने उचलावा, नाहीतर आपल्या मातीत कोणता आजार किती आहे हे कधीच कळणार नाही. आणि सारंगखेड्याच्या बाजारात नोंदणीच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल लावा, जिथे विकला जाणारा प्रत्येक घोडा पुढे, मागे आणि गोलात चालवून बघितला जाईल आणि त्याची श्रेणी पावतीवर लिहिली जाईल. व्यापारी कुरकुर करतील. दोन-तीन वर्षांत तेच पावती मागू लागतील, कारण निर्दोष घोड्याला भाव जास्त मिळेल.

हे होईपर्यंत घोडेवाल्यांना माझे सांगणे आहे. घोडा मागून डुलतो आहे असे वाटले की त्या दिवसापासून त्याच्यावर कोणाला बसवू नका. कमरेला डाग देऊ नका, देणाऱ्याला देऊ देऊ नका. मका हुंगून बघा, काळपट-गुलाबी बुरशी दिसली तर पोते फेकून द्या. धनुर्वाताची लस वेळेवर टोचा. मग दिवसाउजेडी, कडक जमिनीवर, घोडा सैल लगामाने चालवत मोबाइलवर चित्रण करा: मागून, पुढून, बाजूने, दोन्ही दिशांना छोट्या गोलात, आणि शेवटी दहा पावले मागे सारत. आजार कधी सुरू झाला, अचानक की हळूहळू, ताप होता का, कुत्रे चावले होते का, हे त्यातच बोलून ठेवा. पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा आणि येणाऱ्या डॉक्टरला सुईची पिशवी उघडण्याआधी ते चित्रण दाखवा.